मागीलदारी पेव्हर ब्लॉकची फरसबंदी आणि लाकडी पर्गोला: कोकणच्या पावसात टिकेल असे काम कसे करावे?

प्रश्न: आमराईकाठ

नमस्कार. रत्नागिरी तालुक्यात आमचे चिऱ्याचे जुने घर आहे. त्याच्या मागीलदारी १६ फूट लांब आणि १२ फूट रुंद जागेत पेव्हर ब्लॉकची फरसबंदी करून तिच्यावर लाकडी पर्गोला, म्हणजे वर छपराऐवजी मोकळ्या पट्ट्या असलेला मांडव, उभारण्याचा विचार आहे. काम मी आणि माझा धाकटा भाऊ स्वतः करणार आहोत. खड्डे खणण्यापुरती दोन दिवस गड्यांची मदत घेऊ. जागा घराच्या पश्चिमेला आहे, त्यामुळे उन्हाळ्यात दुपारी तिथे बसवत नाही. पण आईला दुपारचा चहा तिथेच घेण्याची सवय आहे आणि ती सुटू नये असे मनापासून वाटते.

सध्या तिथे मातीचे अंगण आहे. आजी होती तोपर्यंत दर वर्षी पाऊस सरला की ते चोपून, सारवून घेतले जाई. आता ते होत नाही आणि पावसाळ्यात नुसता चिखल होतो. वर तांबडी माती असून दीड-दोन फुटांवर जांभा लागतो. कौलांच्या पावळीचे पाणी याच जागेच्या आतल्या कडेवर पडते. गावातील गवंड्यांच्या मते माती सपाट करून क्रशरची भुकटी पसरली की त्यावर सरळ ब्लॉक बसवता येतात. एवढे पुरेसे आहे का? खांबांसाठी लाकूड कोणते घ्यावे, आणि ते जमिनीत पुरावेत की कसे? दिवाळीनंतर सुरुवात करून होळीपूर्वी काम संपवायचे आहे.

उत्तर १: पाणसळ

आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य पावळीविषयीचे आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ६ वर्षांपूर्वी आमच्या घरामागे मी नेमके आपल्याला सुचवले गेले तसेच काम केले होते. जुलैच्या मध्यापर्यंत पावळीखालची ओळ बोटभर खचली, आणि त्या ओळीतील ब्लॉकवर पाय ठेवला की शेजारच्या सांध्यातून राखाडी पाण्याची चिळकांडी उडू लागली. पाऊस उघडल्यावर ब्लॉक उचलून पाहिले, तेव्हा खालची भुकटी आंबोळीच्या पिठासारखी सैल झाली होती. भुकटीतले अगदी बारीक कण पाणी धरून ठेवतात आणि वर दाब आला की पाण्याबरोबर सांध्यातून बाहेर पडतात. जिथे वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तिथे हे एकाच हंगामात दिसून येते.

म्हणून आधी पावळीला पन्हळ बसवून ते पाणी बाजूने काढून द्यावे. पन्हळ नको असेल, तर पावळीखालच्या दीड फुटाच्या पट्ट्यात ब्लॉक न बसवता खाली उथळ गटार काढून वर मोकळी खडी भरावी. त्यानंतर उतार. घरापासून बाहेरच्या दिशेने दर फुटाला पाव इंच उतार ठेवावा. म्हणजे १२ फुटांत बाहेरची कड ३ इंच खाली येईल. बसणाऱ्याला हा उतार जाणवत नाही, पण पाणी मात्र थांबत नाही. हा उतार तळाच्या मातीलाच द्यावा लागतो. वाळू कमी-जास्त पसरून तो साधण्याचा प्रयत्न केला, तर जाड वाळूच्या जागी खळगे पडतात. फरसबंदीची घराकडची कड जोत्याच्या माथ्यापासून किमान ६ इंच खाली राहील असे पाहावे.

माती सुमारे साडेनऊ इंच खणून काढावी आणि तळ धुमसाने चोपून घ्यावा. त्यावर लहान-मोठ्या खडीचे मिश्रण दोन थरांत पसरावे आणि प्रत्येक थर किंचित ओला करून प्लेट कॉम्पॅक्टरने दाबावा. हे यंत्र दिवसाच्या भाड्याने मिळते. दाबून ६ इंच जाडी राहायला हवी. आपल्या जागेसाठी दाबलेली खडी ९६ घनफूट होते, म्हणजे सुटी खडी साधारण सव्वा ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) मागवावी लागेल. त्यावर इंचभर जाडसर, धुतलेली वाळू. समुद्राची वाळू कोणी फुकट दिली तरी घेऊ नये, कारण तिच्यातील क्षारांमुळे ब्लॉकवर पांढरे डाग उठतात आणि जवळचे लोखंड गंजते. वाळू पट्टीने एकसारखी ओढून घेतल्यावर तिच्यावर पाय देऊ नये.

ब्लॉक ६० मिलिमीटर जाडीचे पुरेसे आहेत. २०० बाय १०० मिलिमीटरचे घेतल्यास सुमारे ८९० लागतील. कापण्यातील आणि फुटण्यातील तूट धरून ९४० मागवावेत. रबरी साच्यातले चकचकीत ब्लॉक दुकानात फार देखणे दिसतात, परंतु ऑगस्टमध्ये शेवाळ धरले की त्यांच्यावर पाय ठरत नाही. आपल्याकडे वयस्कर व्यक्तीचा वावर आहे, त्यामुळे यंत्रावर दाबून केलेले, खरखरीत पृष्ठभागाचे ब्लॉकच घ्यावेत. विकत घेण्यापूर्वी एक चांगला वाळलेला ब्लॉक वजन करून २४ तास पाण्यात बुडवून ठेवावा. पेव्हर ब्लॉकच्या आयएस १५६५८ या भारतीय मानकात पाण्याचे सरासरी शोषण ६ टक्क्यांपर्यंत चालते; म्हणजे ३ किलोच्या ब्लॉकचे वजन १८० ग्रॅमहून अधिक वाढता कामा नये. घरच्या काट्यावरची ही परीक्षा ढोबळ असली, तरी अगदी कच्चा माल तिच्यात लगेच उघडा पडतो.

चारही कडा काँक्रीटच्या पट्टीने बांधाव्यात. कड मोकळी राहिली, तर बाहेरचे ब्लॉक सरकतात आणि मागोमाग आतले सांधे उघडतात. शेवटी सांध्यांत कोरडी बारीक वाळू झाडूने भरून पुन्हा कॉम्पॅक्टर फिरवावा, आणि पहिला पावसाळा संपल्यावर ती वाळू न विसरता पुन्हा भरावी.

उत्तर २: सुतारआळी

आमच्या घरात तीन पिढ्या सुतारकाम आहे, त्यामुळे लाकडापुरते लिहितो. खांब जमिनीत मुळीच पुरू नका. मातीच्या पृष्ठभागाशी, जिथे ओल आणि हवा दोन्ही मिळतात, तिथे लाकूड सर्वांत आधी कुजते, आणि वाळवीलाही थेट वाट मिळते. आपल्या जुन्या घरांतील खांब पाहा: ते दगडी तळखड्यावर उभे असतात. मात्र तिथे छपराचे वजन खांबाला दाबून धरते. पर्गोल्यावर तसे वजन नसते, त्यामुळे नुसता तळखडा पुरणार नाही. प्रत्येक खांबाखाली दीड फूट चौरस आणि दोन फूट खोल काँक्रीट भरावे, ते ओले असतानाच त्यात बोल्ट सोडावेत, आणि त्यांच्यावर लोखंडी बूट बसवून खांब जमिनीपासून किमान इंचभर वर ठेवावा. हे खड्डे फरसबंदीच्या आधी व्हायला हवेत. अनेक जण आधी ब्लॉक बसवतात आणि मग खांबांसाठी तेच उखडतात.

१६ फुटांच्या लांबीला दोन्ही टोकांनाच खांब दिले, तर तुळईला काही वर्षांत झोळ पडेल. तीन-तीन खांबांच्या दोन ओळी कराव्यात. ५ इंच चौरस खांब आणि २ बाय ६ इंचांच्या जोड तुळया पुरतील. तुळई खांबाला नुसती बाजूने बोल्ट करू नये. खांबाच्या डोक्यात खाच पाडून तिच्यात बसवावी, म्हणजे भार लाकडावर येतो, बोल्टवर नाही. प्रत्येक कोपऱ्यात तिरपे टेके हवेतच. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने दापोली-श्रीवर्धन पट्ट्यात काय केले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. म्हणूनच पुढे कधी पर्गोल्यावर पत्रा किंवा प्लास्टिकचे छप्पर टाकण्याचा मोह झाला, तर तो टाळावा. मोकळ्या पट्ट्यांतून वारा निघून जातो. छप्पर घातले की तोच वारा अख्खा सांगाडा उचलू पाहतो.

लाकूड सागवानी गाभ्याचे मिळाले तर उत्तम. जुन्या घराच्या मोडीतील साग, ऐन किंवा किंजळ मिळाल्यास मी नव्या लाकडाऐवजी तेच घेईन, कारण ते पुरते मुरलेले असते आणि पिळवटत नाही. स्वतःच्या आवारातील झाड तोडण्याचा विचार असेल, तर साग, ऐन, किंजळ यांना १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियमानुसार वनविभागाची परवानगी लागते. आंब्याच्या फळ्या स्वस्त असल्या, तरी उघड्यावरच्या कामाला घेऊ नयेत.

सावलीचे गणित मात्र नीट करा. वरच्या पट्ट्या घराला समांतर, म्हणजे दक्षिणोत्तर घ्या. त्या ४ इंच उंच उभ्या ठेवून दोन पट्ट्यांत ४ इंच मोकळी जागा सोडा. आपल्याकडे मेच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य मध्यान्ही जवळपास डोक्यावर असतो, तेव्हा या पट्ट्यांचा उपयोग थोडाच होईल; परंतु साडेतीनच्या सुमारास तो ४५ अंशांवर उतरला की पट्ट्यांमधून ऊन खाली येणार नाही. त्यानंतर पश्चिमेच्या मोकळ्या बाजूने तिरपे ऊन शिरते, म्हणून त्या बाजूच्या खांबांवर मधुमालतीचा वेल चढवा.

उत्तर ३: नवे अंगण

वरील मार्गदर्शन उत्तम आहे, परंतु खडीऐवजी ४ इंचांचे साधे काँक्रीट खाली घातले तर खचण्याचा प्रश्नच उरत नाही, असे मला वाटते. आमच्याकडे तसेच केले आहे.

उत्तर ४: पाणसळ

काँक्रीट खचत नाही हे खरे, परंतु सांध्यांतून उतरलेले पाणी त्याच्यावर अडते आणि वरची वाळू सतत पाण्यात राहते. काँक्रीटच घालायचे असेल, तर त्याला उतार द्यावा, उताराच्या खालच्या कडेला दर दोन-तीन फुटांवर आरपार भोके ठेवावीत आणि वाळू गळू नये म्हणून भोकांवर जिओटेक्स्टाइल कापड अंथरावे. खाली जांभा आहे आणि या जागेवर गाडी जाणार नाही, तेव्हा मी खडीलाच पसंती देईन.

आमराईकाठ

सर्वांचे मनापासून आभार. पन्हळ बसवण्याचे ठरवले आहे, आणि शेजारच्या गावात मोडलेल्या घराचे किंजळी वासे बघून आलो. दोन शंका उरल्या आहेत. वाडीतील होड्यांना काजूच्या टरफलांचे तेल लावतात, ते पर्गोल्याला चालेल का? आणि जागेच्या वायव्य कोपऱ्याखाली जुना शोषखड्डा आहे, त्याचे काय करावे?

उत्तर ५: सुतारआळी

तेल चालेल, वाळवीला ते चांगले रोखते. मात्र ते अंगावर पडले तर कातडी भाजते, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घालूनच लावावे. लाकूड पूर्ण वाळलेले असताना, उभारणीपूर्वी दोन हात द्यावेत. कापलेल्या तोंडांवर आणि पाडलेल्या खाचांत ते जिरेपर्यंत पुन्हा पुन्हा लावावे, कारण पाणी तिथूनच आत शिरते. आई जिथे टेकून बसेल त्या खांबांना बसण्याच्या उंचीपर्यंत हे तेल न लावता जवसाचे तेल लावावे.

शोषखड्ड्यावर कॉम्पॅक्टर फिरवू नका आणि खांबाचा खड्डा त्याच्या कडेपासून निदान ४ फूट दूर घ्या. त्यासाठी त्या बाजूची खांबांची ओळ आत सरकवावी लागली तरी चालेल. झाकण जुन्या फरशीचे असेल, तर ते आताच काढून लोखंडी सळ्यांचे नवे झाकण ओतून घ्या, आणि त्यावरचे ब्लॉक वेगळ्या चौकटीत बसवा, म्हणजे उपसण्याची वेळ आली की तेवढेच उचलता येतील.