नाताळच्या धावपळीत कौटुंबिक प्रार्थनेसाठी वेळ कसा काढावा? मदत हवी आहे
नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा आगमनकाळ मुळात प्रतीक्षेचा आणि प्रार्थनेचा; परंतु वर्षअखेरची कामे, खरेदी, पाहुणे आणि गायनाच्या तालमी (त्याही चर्चच्याच!) यांत घरातील प्रार्थनाच मागे पडते. बायबलमधील लूककृत शुभवर्तमानाचे (येशूच्या जीवनकथेचे) 24 अध्याय असल्यामुळे 1 डिसेंबरपासून रोज एक अध्याय सर्वांनी मिळून वाचावा, असा माझा विचार आहे. मात्र किशोरवयीन मुले आणि रात्रपाळी करणारे पती यांना एकत्र आणणारी वेळ सापडत नाही. परंपरेने नाताळचा काळ 6 जानेवारीच्या प्रभूप्रकटीकरणाच्या सणापर्यंत चालतो, म्हणून काही भेटीगाठी 25 डिसेंबरनंतर ठेवल्यास नातेवाईक दुखावतील का? ज्यांनी असे केले असेल, त्यांनी नातेवाइकांना ते कसे कळवले आणि मुलांना वाचनात कसे सामावून घेतले, हे कृपया सांगावे.