प्रार्थना साखळी टिकत नाहीये, मदत हवी आहे
जय ख्रिस्त सगळ्यांना, आमच्या चर्चमधला एक भाऊ बायकोसोबत बाहेर मिशनच्या सेवेत आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना साखळी (एकामागून एक पाळीने प्रार्थना) सुरू केली, पहिला आठवडा जोरात, आता ग्रुपवर नुसते हात जोडलेले इमोजी आणि 'आमेन', प्रार्थना कोण करतंय देवालाच ठाऊक. जर्मनीत हर्नहुटला मोरेवियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांनी १७२७ मध्ये तासातासाच्या पाळ्या लावून अखंड प्रार्थना सुरू केली ती शंभर वर्षं चालली, आमची महिनाभर पण टिकेना!! परवा त्या भावाचा मेसेज आला, 'इथली भाषा शिकतोय, जीभ वळत नाही, त्यासाठी करा', एवढंच, पण त्या दिवशी सगळे खरंच बसले. मग असे नेमके विषय त्याच्याकडून दर आठवड्याला मागवू का, की त्याला उगाच त्रास होईल? आणि पाळ्या तासाच्या ठेवता की अर्ध्या तासाच्या?