माणसं होती, वजनकाटा नव्हता

'घरात माणसं असली की हार्ट फेल्युअरच्या (हृदय रक्त नीट पंप करू शकत नाही तो आजार) पेशंटची निम्मी काळजी मिटते' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. आमच्या अण्णांना हाच आजार, आणि घरात सात माणसं होती. तरी आत्या आली की 'एका पापडाने काय होतंय' म्हणत मिठाचं पथ्य असलेल्या अण्णांच्या ताटात वाढायचीच, आणि पाय सुजले तर 'वय झालं' म्हणून सगळे गप्प. दुसऱ्यांदा ॲडमिट केलं तेव्हा नर्सबाईंनी शिकवलं: रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं तर ते अंगात साठलेलं पाणी. दम लागायची वाट न बघता फोन करा. तेव्हापासून नात कॅलेंडरवर रोज आकडा लिहिते, दुधाच्या खाड्यांशेजारीच. अण्णा विसरले तर तीच काटा पुढे सरकवते.

आणि हो, 'लो सोडियम' मीठ परस्पर आणू नका. त्यात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोनसारखी (अंगातलं जादा पाणी काढणारी, पण पोटॅशियम धरून ठेवणारी) गोळी चालू असेल तर रक्तातलं पोटॅशियम धोक्याइतकं वाढू शकतं. आम्ही मोठ्या कौतुकाने दोन पुड्या आणल्या होत्या, डॉक्टरांनी बंद करायला लावल्या.