एल्कची सोडत: पॉइंट साठायची वाट पाहू नका

अमेरिकेत एल्क (मोठ्या हरणाची एक जात) मारण्याचा परवाना, म्हणजे 'टॅग', अनेक ठिकाणी सोडतीने मिळतो आणि त्यात प्राधान्य मिळावं म्हणून वर्षागणिक 'पॉइंट' साठवता येतात. 'आधी काही वर्षं पॉइंट साठवा, मगच अर्ज करा' असा सल्ला दिला जातो, पण तो निदान वायोमिंग राज्यापुरता तरी पटत नाही. तिथे राज्याबाहेरच्या शिकाऱ्यांच्या एल्क टॅगपैकी ७५ टक्के जास्त पॉइंटवाल्यांना जातात, पण २५ टक्के निव्वळ सोडतीने दिले जातात. शून्य पॉइंटवालाही त्यात असतो. पॉइंट खर्च होतात ते पहिल्या पसंतीचा टॅग लागला तरच. मात्र ज्या शिकार-विभागात टॅग मोजकेच, तिथे या २५ टक्क्यांतून एखादाही निघणं अवघड, म्हणून आधी कोटा बघा.

अर्जाची मुदत फेब्रुवारीच्या सुरुवातीलाच संपते आणि पूर्ण शुल्क आगाऊ भरावं लागतं. टॅग नाही लागला तर अर्जशुल्क वगळून परत मिळतं, पण तोवर पैसे अडकतात. अर्ज हुकलाच, तर जुलै ते ऑक्टोबरमध्ये नुसता पॉइंट विकत घ्या. सलग दोन वर्षं अर्ज आणि पॉइंटची खरेदी दोन्ही चुकवलंत तर साठलेले सगळे पॉइंट जातात.

सगळ्यात महागात पडणारी चूक वेगळीच आहे. विभागाचा मोठा भाग संघीय 'विल्डरनेस' (केंद्र सरकारने राखलेलं निसर्गक्षेत्र) असेल, तर राज्याबाहेरच्या शिकाऱ्याला परवानाधारक गाइड किंवा गाइडचा परवाना काढलेला स्थानिक रहिवासी सोबत असल्याशिवाय तिथे एल्कची शिकार करता येत नाही. म्हणून विभाग निवडण्याआधी या हद्दी नकाशावर तपासाच.