सांडपाणी केंद्राची दुर्गंधी: भरवसा जैवगाळणीवर ठेवावा की रसायनांवर?

धागाकर्ता

माझं मत आधीच सांगतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्राच्या दुर्गंधीवर पहिला विचार जैवगाळणीचा, म्हणजे जीवाणूंकडून हवा साफ करून घेण्याचा, व्हावा. ती का चालणार नाही हे सिद्ध करायची जबाबदारी रसायनं मागणाऱ्यावर असावी. आज नेमकं उलटं होतं. आराखड्यात आधी स्क्रबर, म्हणजे रसायनांनी हवा धुणारा मनोरा, येतो आणि जैवगाळणीची आठवण जागा शिल्लक राहिली तर होते.

वासाचा मुख्य धनी हायड्रोजन सल्फाइड. सांडपाण्याच्या बंद वाहिनीत ऑक्सिजन संपला की भिंतीवरच्या बुळबुळीत थरातले जीवाणू पाण्यातल्या सल्फेटवर जगू लागतात आणि सल्फाइड सोडतात. ते पाणी केंद्राच्या तोंडाशी येऊन खळाळलं की वायू मोकळा होतो. माणसाचं नाक तो अब्जात काही भाग इतका कमी असला तरी ओळखतं. टाकीच्या झाकणाखाली १० पीपीएम (दहा लाखात दहा भाग) वायू आहे आणि त्यातला ९९ टक्के काढला असं धरा. बाहेर पडणाऱ्या हवेत तरीही १०० पीपीबी (अब्जात शंभर भाग) उरतो, आणि तो नाकाला चांगलाच जाणवतो. म्हणून ‘थोडा कमी झाला’ याला या कामात काही किंमत नाही.

जैवगाळणीत झाकलेल्या टाक्यांमधली हवा पंख्याने ओढतात, ओलावतात आणि मीटर-दीड मीटर जाडीच्या लाकडी ढलप्यांच्या किंवा कंपोस्टच्या थरातून खालून वर सोडतात. ढलप्यांभोवतीच्या पाण्याच्या पापुद्र्यात वायू विरघळतो, तिथले जीवाणू त्याचं ऑक्सिडीकरण करून ऊर्जा मिळवतात आणि मागे सल्फेट राहतं. थर पार करायला हवेला साधारण ३० ते ६० सेकंद मिळावे लागतात. हे नवं खूळ नाही. मातीच्या थरातून दुर्गंधी हवा गाळण्याच्या पद्धतीचं पेटंट अमेरिकेत पोमेरॉय यांना १९५७ सालीच मिळालं होतं.

स्क्रबरमध्ये त्याच वायूसाठी कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) आणि हायपो (सोडियम हायपोक्लोराइट) रात्रंदिवस ओतावं लागतं. एक वास घालवायला दोन धोकादायक द्रव आवारात कायमचे साठवायचे, हे मला पटत नाही.

पाळीवाला

सहमत नाही. मी अशा केंद्रात पाळीवर काम करतो. तुमचं वर्णन बरोबर आहे, पण ते गाळणीच्या पहिल्या वर्षाचं आहे.

आमची गाळणी वास सोडायला लागली तेव्हा मी स्वतः थर उकरला. वर ओल होती, शेवाळ होतं, गवतही उगवलेलं. सगळ्यांना वाटायचं थर जिवंत आहे. दोन हात खाली गेलो तर ढलप्या इतक्या कोरड्या की मुठीत दाबल्या तरी बोटं ओली होईनात. चिमटीत धरलं की भुगा. कारण साधं आहे: फवारे वर आणि हवा येते खालून. हवा आधी ओलावणारं यंत्र बंद पडलं होतं, मग येणारी प्रत्येक घनमीटर हवा तळाची ओल शोषत गेली. तळ आकसला, भेगा पडल्या आणि हवा भेगांमधूनच वर यायला लागली. उरलेल्या थरातल्या जीवाणूंपर्यंत ती पोचतच नव्हती.

दुसरी गोष्ट. रात्री दोन वाजता सेप्टिक टाक्यांचा उपसा घेऊन टँकर येतो आणि वायू एकदम चढतो. स्क्रबर असेल तर मी रसायन सोडणारा डोसिंग पंप वाढवतो, दहा मिनिटांत फरक दिसतो. जीवाणूंना वाढायला दिवस लागतात. तोवर शेजारच्या लोकांनी काय करायचं?

आणि जागा. ताशी १०,००० घनमीटर हवा आणि थरात तिचा ४५ सेकंद मुक्काम धरला तर १२५ घनमीटर ढलप्यांचा माल लागतो. सव्वा मीटर जाडी ठेवली तर १०० चौरस मीटर जमीन फक्त थरालाच गेली. स्क्रबरचं काम उभ्या मनोऱ्यात, काही सेकंदांत होतं.

धागाकर्ता

पाळीवाला, तळ कोरडा पडण्याचा तुमचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण ओलावणारं यंत्र बंद पडलं आणि कुणी पाहिलं नाही, हा दोष जीवाणूंच्या माथी मारू नका. डोसिंग पंप बंद पडला तर स्क्रबर तरी काय करणार? शिवाय कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइडही ओढून घेतं आणि फुकट खर्च होतं. पाणी जड असेल तर नोझलवर पांढरी पुटं चढतात, ती काढायला आम्ल लागतं. आम्लाने धुताना आत हायपो उरलेलं असेल तर क्लोरीन वायू सुटतो. हा धोका पाळीवरच्या माणसाच्याच नशिबी येतो, म्हणून तुम्हालाच विचारतो: हे तुम्हाला जास्त सुरक्षित वाटतं का?

पाळीवाला

धोका मान्य. पण तो मला दिसतो. टाकीवर पाटी आहे, हातमोजे आहेत, धुण्याची ठरलेली पद्धत आहे. थराच्या तळाशी काय चाललंय ते मला उकरल्याशिवाय कळत नाही, आणि उकरायला कुणी माणूस देत नाही. ‘देखभाल केली तर चालते’ हे उत्तर नाही. देखभालीला माणूस मिळणार नाही हे माहीत असताना काय निवडायचं, हा प्रश्न आहे.

थेंबओली

तुम्ही दोघंही ढलप्यांच्या थरावर अडकला आहात. ठिबक पद्धतीच्या जैवगाळणीचा विचार करा. तिच्यात प्लॅस्टिकचा, फोमचा किंवा लाव्हा दगडाचा माल असतो आणि त्यावरून पाणी सतत किंवा थोड्या थोड्या वेळाने झिरपत ठेवतात. माल कुजत नाही, त्यामुळे दोन ते पाच वर्षांनी सगळं उपसून टाकायची वेळ येत नाही. मुक्काम १० ते १५ सेकंदांवर आणता येतो, मनोरा उभा बांधता येतो आणि शेकडो पीपीएम सल्फाइडही झेपतं. सल्फ्यूरिक आम्ल साचून खालच्या पाण्याचा पीएच दोनच्या आसपास उतरतो, पण तिथले जीवाणू आम्लातच सुखाने राहणारे. निचऱ्याच्या पाण्याचा पीएच आणि वाहतं पाणी पाहिलं तरी गाळणीची तब्येत कळते, उकरायला नको.

पण धागाकर्त्यांनी एक गोष्ट सोडून दिली आहे आणि माझ्या मते तीच सगळ्यात महत्त्वाची आहे. सल्फाइड म्हणजे सगळा वास नव्हे. मिथाइल मरकॅप्टन, डायमिथाइल सल्फाइड ही गंधकाचीच दुसरी दुर्गंधी मंडळी आम्लाच्या थरातून बरीचशी तशीच निसटतात, कारण त्यांना खाणारे जीवाणू उदासीन पीएचचे. मीटर शून्य दाखवतो आणि लोक सांगतात की सडक्या कोबीसारखा वास येतोय. अशा वेळी तक्रार खोटी ठरवली जाते, ते मला फार लागतं. लोकांचं नाक खरं असतं, मीटर फक्त एकच वायू मोजत असतो. युरोपात ईएन १३७२५ या मानकाने माणसांच्या गटाला हवेचे नमुने हुंगायला देऊनच वासाची तीव्रता ठरवतात. म्हणून आधी ठिबक आणि त्यामागे ढलप्यांचा थर किंवा वास शोषणारा कार्बन, अशा दोन पायऱ्या हव्यातच.

वाहिनीकडून

तिघांनाही विरोध. वास केंद्रात जन्मत नाही, तो वाहिनीतून येतो. उपसा वाहिनीत, म्हणजे पंपाने पाणी ढकलतात त्या नळात, पाणी तासन्‌तास पडून राहतं तिथेच कॅल्शियम नायट्रेट किंवा लोहाचे क्षार द्या. नायट्रेट असेल तर जीवाणू सल्फेटकडे वळत नाहीत, आणि लोह असेल तर सल्फाइड त्याला बांधलं जाऊन काळा साका होतो. शिवाय वाहिनी वाचते. काँक्रीटच्या नळाच्या छतावर हाच वायू ओलीत विरघळतो आणि जीवाणू त्याचं सल्फ्यूरिक आम्ल करतात. मेलबर्नच्या वाहिन्यांमध्ये संशोधक पार्कर यांनी हे १९४० च्या दशकातच दाखवून दिलं. ज्या प्रकारच्या जीवाणूंचं तुम्ही गाळणीत कौतुक करता तेच वाहिनीत नळ पोखरतात. शेवटी गाळणी बसवून नळ वाचत नाही.

धागाकर्ता

वाहिनीचा मुद्दा मोलाचा आहे, पण तो गाळणीला पर्याय ठरत नाही. गाळ घट्ट करायच्या टाक्या आणि गाळातलं पाणी काढायची इमारत इथे वास नव्याने तयार होतो, तिथे वाहिनीतलं नायट्रेट पोचत नाही.

थेंबओली, मरकॅप्टनबद्दल माझी चूक झाली. मी सगळा हिशेब सल्फाइडवरच मांडला होता. दोन पायऱ्यांचं म्हणणं मान्य.

पाळीवाला

एक गोष्ट कुणीच लिहिली नाही. गाळणी कोणतीही असो, तिच्यासाठी टाक्या झाकाव्या लागतात. झाकलं की आतला वायू वाढतो. १०० पीपीएमच्या पुढे नाक बधिर होतं आणि वास येणंच थांबतं, म्हणजे जिवाला धोका असतो तेव्हाच सगळं ठीक वाटतं. पंखा बंद असताना वासावर विसंबून झाकण उघडणारी माणसं मी पाहिली आहेत आणि दरवेळी माझे हात गार पडले आहेत. झाकणाच्या खर्चातच प्रत्येकाच्या छातीला लावायचा वायूमापक धरा, मग गाळणीवर बोला.

आणि माझ्या अटी सांगतो. तळाच्या थरापर्यंत जाणारी तपासणीची नळी, म्हणजे ओल पाहायला उकरावं लागणार नाही. थराच्या खाली आणि वर दाबमापक. माल बदलायचे पैसे पहिल्या वर्षापासून बाजूला. दर पाळीला नोंद करायला नावानिशी एक माणूस. हे लिहून मिळालं तर मी जैवगाळणीवर काम करायला तयार आहे. गाळाच्या इमारतीचा स्क्रबर मात्र काढू नका, रात्रीचे टँकर तिथेच रिकामे होतात.