फोटोवाला ठरवायचाय: सोसायटी ग्रुपवरची रविवारची चर्चा

सी-304 ताई: सगळ्यांना नमस्कार. आमच्या धाकटीचं ठरलंय हे माहीत आहेच. हळद इथे घरी, लग्न इथेच बेळगावात, टिळकवाडीच्या कार्यालयात, रिसेप्शन मुलाकडे गडहिंग्लजला. फोटोवाला अजून ठरत नाही. तीन कोटेशनं आलीत. एक 70 हजार, एक 1 लाख 20 हजार, तिसरा म्हणतो बसून बोलूया. काय बघून ठरवायचं?

बी-203 काकू: घरी ये की, चहा पीत सांगते.

सी-304 ताई: काकू इथेच लिहा, बाकीच्यांनाही उपयोग होईल.

बी-203 काकू: बरं. मला टाइप करायला वेळ लागतो, मध्ये कुणी फुलं आणि सुविचार टाकू नका.

सेक्रेटरी: टाकीत पाणी कमी आहे. आज रात्री जपून वापरा.

बी-203 काकू: आमच्या थोरल्याच्या लग्नात जो मुलगा बोलायला आला तो एकदम गोड. मराठी, कन्नड दोन्ही स्वच्छ. लॅपटॉपवर काम दाखवलं, ह्यांना आवडलं, त्याच दिवशी 25 हजार ॲडव्हान्स दिला. लग्नादिवशी तो आलाच नाही. त्याच मुहूर्ताला त्याची तीन लग्नं होती! आमच्याकडे दोन पोरं पाठवली, आम्ही त्यांना आयुष्यात बघितलं नव्हतं. सून गोकाकची. त्यांच्यात आदल्या दिवशी सुरगी असते, चार कोपऱ्यांना चार तांबे ठेवून भोवती सूत गुंडाळतात आणि मध्ये बसवून न्हाऊ घालतात. ही पोरं तेव्हा गाडीत बॅटरी चार्ज करत बसलेली. त्यांना वाटलं, आंघोळ चाललीय, यात काय काढायचं.

डी-105 अक्का: हौदु री काकू, सुरगी चुकली म्हणजे आमच्यात निम्मं लग्नच चुकलं.

बी-203 काकू: तेच की. आणि अंतरपाट. भटजींनी सावधान म्हटलं, अक्षता पडल्या, कापड खाली आलं. त्या क्षणाचे आमच्याकडे 11 फोटो आहेत. 9 मध्ये व्हिडिओवाल्याची पाठ. निळा शर्ट, मागच्या खिशातून लोंबणारी चार्जरची वायर. राहिलेल्या 2 मध्ये सुनेचे डोळे मिटलेले. नातवंडांना काय दाखवू, वायर?

ए-102 काका: ताई, पहिली गोष्ट ही लिहून घे: कॅमेरा कोण धरणार, त्याचं नाव. स्टुडिओचं नाव नव्हे, माणसाचं. तो आजारी पडला तर बदली कोण, तेही. मी 31 वर्षं कोर्टात कारकुनी केली. तोंडी ठरलेलं सिद्ध करताना लोकांचे हाल बघितलेत.

बी-405: काका पण पावती देतात की हे लोक.

ए-102 काका: पावतीवर काय असतं? ‘लग्न ऑर्डर, ॲडव्हान्स 25,000’. बास. किती तास, किती माणसं, किती शीटचा अल्बम, 12 बाय 36 इंची की लहान, डेटा म्हणजे फोटोंच्या फाइल कधी, जीएसटी धरून की वेगळा, काहीच नाही. 18 टक्के वरून लागले की 1 लाख 20 चे 1 लाख 41 हजार 600 होतात. सत्तरवाल्याशी तुलना करायची तर दोघांचं एका मापात आणून करा.

डी-401 दादा: मी जरा उशिरा बघितलं. काकू, तुमचं झालं ते वाईटच. खरं दुसरी बाजू पण ऐका. मी एडिटिंग करतो, सीझनला चार स्टुडिओंचं काम माझ्याकडे येतं.

बी-203 काकू: म्हणजे तूच त्यातला!

डी-401 दादा: 😄 तुमचं नव्हतं काकू, शप्पथ. ताई, इन्स्टावरचं काम बघून काही कळत नाही. वर्षभरातले 40 बरे फोटो कुणाकडेही निघतात. त्याला म्हणा, एकाच लग्नाचे सगळे फोटो दाखव, हळदीपासून वरातीपर्यंत, गाळलेले पण. आणि लग्न आपल्यासारखंच पाहिजे, दुपारचा मुहूर्त, बंद कार्यालय, स्टेजवर जांभळे लाइट. तिथेच माणूस उघडा पडतो. जांभळ्या उजेडात हळदीचा चेहरा राखाडी दिसतो, तो नंतर कितीही ओढला तरी पूर्ण सुधारत नाही. डेकोरेशनवाल्याला आधीच सांगा, विधी चालू असताना रंगीत लाइट बंद, पांढरे चालू. ह्याला एक रुपया लागत नाही. घरच्या हळदीला मांडवाचं कापड पिवळं नको, पांढरं बांधा. पिवळ्या कापडाखाली सगळेच कावीळ झाल्यासारखे दिसतात.

सी-304 ताई: हे कुणीच सांगितलं नव्हतं.

डी-401 दादा: व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना बघितलेत? स्वस्त एलईडी विजेबरोबर लुकलुकतात. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून शटर 1/50 किंवा 1/100 सेकंदाला ठेवलं की पट्टे बहुतेक जातात. हे त्याला सहज विचारून बघा. गोंधळला तर समजा. दुसरं, कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डं एकाच वेळी भरतात का? एकच कार्ड असेल आणि ते गेलं तर लग्न गेलं. माझ्याकडे असं एक कार्ड आलं होतं, सकाळचे तीन तास कोरे. त्या घरच्यांना फोन कुणी करायचा यावर स्टुडिओत दोन दिवस वाद.

बी-405: ताई ड्रोन घ्याच. वरात वरून भारी दिसते.

ए-102 काका: घ्या, पण त्याचे कागद बघून. ड्रोन नियम 2021 प्रमाणे 250 ग्रॅमच्या वरचा ड्रोन धंद्यासाठी उडवायचा तर उडवणाऱ्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट लागतं. रेड झोन, म्हणजे ड्रोनला बंदी असलेला भाग, तिथे तर केंद्र सरकारची परवानगी. आपल्याकडे एका बाजूला सांबऱ्याचा विमानतळ, दुसरीकडे कॅम्पात लष्कराची मराठा लाइट इन्फंट्री. टिळकवाडीपासून कॅम्प किती लांब आहे? ड्रोनसाठी सरकारची डिजिटल स्काय वेबसाइट आहे, तिच्या नकाशावर कार्यालयाची जागा आधी बघायची. वरातीत पोलीस आले तर पहिल्यांदा नवरीच्या बापाला शोधतात.

सी-304 ताई: ड्रोन रद्द. ह्यांचं बीपी आधीच जास्त आहे.

डी-105 अक्का: फोटो त्यांच्या पेजवर टाकतात ते? आमच्या भाचीचा रील न विचारता टाकला. सासरच्यांनी आधी बघितला, नंतर आम्ही.

ए-102 काका: कॉपीराइट कायदा 1957, कलम 17. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक काढून घेणारा, म्हणजे आपण. पण ‘वेगळा करार नसेल तर’ असं त्यात आहे. म्हणून कागदाच्या मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे ‘हक्क स्टुडिओचे’ असं छापलेलं असेल आणि आपण सही केली, तर विषय संपला.

डी-401 दादा: काका, स्टुडिओला रील टाकल्याशिवाय पुढची ऑर्डर येत नाही हे पण खरं आहे. सरळ बोला ना. अमुक 10 फोटो टाका, घरच्या बायकांचे नकोत, बदल्यात दोन शीट वाढवून द्या. ऐकतात.

बी-203 काकू: आणि अल्बम? आमचा 14 महिन्यांनी आला. नातू झाला तरी अल्बम नाही.

डी-401 दादा: काकू खरं सांगू? फोटो निवडून तुम्ही कधी दिलेत?

बी-203 काकू: ...

बी-203 काकू: चार हजार फोटो होते रे. ह्यांना एक आवडायचा, सुनेला दुसरा.

डी-401 दादा: तिथेच अडतं. निम्मे अल्बम आमच्याकडे नाही, तुमच्या कपाटातल्या पेन ड्राइव्हवर अडकलेले असतात. म्हणून शेवटचा हप्ता सगळा अल्बमवर ठेवू नका, तो माणूसही मग ढिला पडतो. थोडा ॲडव्हान्स, लग्नादिवशी थोडा, डेटा हातात आला की मोठा हप्ता, अल्बमवर शेवटचा लहान. डेटाची तारीख त्याने लिहायची, निवडीची आपण. निवड दोघांनीच करायची, नवरा-नवरी. आत्या, काका, मामी, कुणीही नाही. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली कच्ची फाइल, बहुतेक जण देत नाहीत, त्यावर भांडू नका. मोठ्या साइजच्या जेपीजी सगळ्या मागा.

सी-304 ताई: गडहिंग्लजचं काय? फोटोवाला म्हणतो महाराष्ट्राची बॉर्डर ओलांडली की वेगळ्या दिवसाचे पैसे.

डी-401 दादा: बॉर्डरचं कारण नका ऐकू, अंतर आणि रात्र ह्याचं विचारा. रिसेप्शन संपायला 11 वाजले तर मुक्काम कुणाकडे, गाडी कुणाची, ते आत्ताच ठरवा. आणि त्या पोरांना वेळेवर जेवायला घाला हो. शेवटच्या पंगतीला उरलेला भात वाढायचा आणि वरातीत नाचताना चांगले फोटो मागायचे, असं नाही चालत.

डी-105 अक्का: दोन्ही घरची एकेक मुलगी त्यांच्याबरोबर द्या. मामा कोण, आत्या कोण, कुठला विधी कधी, हे तिने सांगायचं. आमच्या भाचीच्या लग्नात फोटोवाल्याने कार्यालयाच्या मॅनेजरलाच मुलीचा मामा समजून 20 फोटो काढले.

ए-102 काका: एवढं करूनही फसवलं तर जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात आपण राहतो तिथेच तक्रार करता येते. फोटोवाला कोल्हापूरचा असला तरी तक्रार बेळगावात. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत 2 वर्षं. पण कागद पाहिजे. व्हॉट्सॲपवरचं बोलणं पण ठेवा, डिलीट करू नका.

(मंगळवार)

सी-304 ताई: काल त्या 1 लाख 20 वाल्याला बोलावलं. दादाने सांगितलं तसं एका पूर्ण लग्नाचे फोटो मागितले. दुपारी 12 ला बंद हॉलमध्ये काढलेले दाखवले, चांगले होते. दोन कार्डं आहेत म्हणाला, कॅमेरा उघडून दाखवला. जीएसटी धरून 1 लाख 25 वर आला. तारखा लिहिल्या. मुख्य कॅमेऱ्यापुढे स्वतःचं नाव लिहिलं. दुसऱ्या कॅमेऱ्याची जागा मात्र कोरी ठेवली, उद्या सांगतो म्हणाला.

ए-102 काका: त्या दिवशी त्याची अजून किती लग्नं आहेत विचारलंस?

सी-304 ताई: विचारलं. एक, सकाळची, निपाणीला.

बी-203 काकू: निपाणी! तिथून आपल्या मुहूर्ताला पोचणार कधी?

ए-102 काका: कोरी जागा भरेपर्यंत ॲडव्हान्स नाही.

सी-304 ताई: दिला नाही काका. चहा दिला फक्त.

सेक्रेटरी: पाणी आलं आहे. मोटर कुणीतरी बंद करा.