ईव्ह ऑनलाइन: बेल्टमधे नक्की कोणता दगड फोडायचा? आणि आपण खणलेलं मिनरल फुकट धरायचं का?

रामबागचा_निशाचर

नमस्कार मंडळी, इंदूरहून लिहितोय. ईव्ह हा अंतराळातला ऑनलाइन गेम सुरू करून थोडेच दिवस झालेत, अकाउंट फुकटवालं म्हणजे अल्फा. इंडस्ट्रीच्या करिअर एजंटने मिशनमधे व्हेंचर हे छोटं माइनिंग जहाज दिलं तेव्हापासून तेच घेऊन हायसेकमधे (गेममधला सुरक्षित भाग) बसतो, ऑफिसातून आल्यावर डोकं चालवायची इच्छा नसते, दगडावर दोन लेझर लावायचे आणि बाजूला ताट घेऊन जेवायचं, मला तर हा गेम यासाठीच आवडला.

तर प्रश्न असा की बेल्टमधे, म्हणजे ॲस्टेरॉइडच्या पट्ट्यात, वेल्डस्पार असतं, स्कोर्डाइट असतं, काही ठिकाणी प्लेजिओक्लेस पण दिसतं. मार्केटमधे एका युनिटचा भाव बघितला तर प्लेजिओक्लेस वेल्डस्पारच्या कितीतरी वर, मग वेल्डस्पारकडे बघायचंच नाही का? आणि तरी लोक ते का फोडत बसतात?

दुसरं, माझा मावसभाऊ ग्वाल्हेरला असतो, त्यानेच मला यात ओढलं, तो म्हणतो की ओअर (फोडलेला कच्चा दगड) विकू नकोस, स्टेशनात रिप्रोसेस करून त्यातलं मिनरल काढ, ब्लूप्रिंट घे आणि आपली जहाजं आपण बनव, मिनरल तर तुला फुकटच पडलं ना. ऐकायला बरोबर वाटतं पण कुठेतरी खटकतंय.

आणि तिसरं म्हणजे काल लोकल चॅटमधे एकजण म्हणाला की इथे माइनिंग करायचं तर परमिट घ्यावं लागेल, एक कोटी आयएसके (गेममधले पैसे). खरंच असं काही असतं का?

वेल्डस्पार_काका

भिया, युनिटचा भाव बघणं आधी सोड. तुझा लेझर युनिट मोजत नाही, घनमीटर मोजतो. एका सायकलला तो अमुक घनमीटर माल ओढणार, मग समोर कोणताही दगड असो. वेल्डस्पारचं एक युनिट ०.१ घनमीटर, स्कोर्डाइट ०.१५, प्लेजिओक्लेस ०.३५. म्हणजे प्लेजिओक्लेसचं एक युनिट निघेपर्यंत वेल्डस्पारची साडेतीन निघतात. भावाला आकारमानाने भाग दे आणि मग तुलना कर, बऱ्याचदा फरक अगदी थोडा निघतो आणि कधीकधी तर उलटाच निघतो. अरकोनॉर, बिस्टॉट ही नावं ऐकून नवीन पोरांच्या तोंडाला पाणी सुटतं पण त्यांचं एक युनिट १६ घनमीटरचं असतं, वेल्डस्पारच्या १६० पट, त्याचा एका नगाचा भाव मोठा दिसणारच. मर्कॉक्सिट तर ४० चं.

आणि भाव रोज हलतात त्यामुळे इथे कोणी तुला 'हाच दगड फोड' असं सांगितलं तर ते आजच्यापुरतं समज. वेल्डस्पारमधून फक्त ट्रिटॅनियम निघतं, पण ट्रिटॅनियम लागतं सगळ्यालाच, छोट्या फ्रिगेटपासून राक्षसी जहाजांपर्यंत. मधे काही वर्षं रॉरक्वल हे अवाढव्य माइनिंग जहाज घेऊन लोकांनी नलसेकमधे (जिथे पोलीस नसतात तो भाग) इतकं खणलं की मिनरलचा पूर आला होता, मग गेमच्या कंपनीने २०२० पासून कोणतं ओअर कुठे मिळेल याची सगळी फिरवाफिरव केली, तेव्हा ज्या वेल्डस्पारला कोणी विचारत नव्हतं त्याचाच भाव चढला. त्यामुळे हलक्यात घेऊ नकोस.

तुझ्यासाठी एक सोपी गोष्ट, व्हेंचरच्या होल्डमधे ५००० घनमीटर मावतं. तू होल्ड भरून आणलास की बघायचं की या पाच हजार घनमीटरचे मला जवळच्या बाजारात किती मिळतात, नुसतं जिटाचा, म्हणजे गेममधल्या सगळ्यात मोठ्या बाजाराचा, आकडा बघून खूश व्हायचं नाही, तिथपर्यंत नेणार कोण? दूरच्या सिस्टीममधला दगड महाग असेल पण स्टेशनच्या फेऱ्यांमधे वेळ गेला तर तासाचा हिशोब झोपला.

सराफा_गल्ली

मी गेमपेक्षा त्यातला बाजारच जास्त खेळते म्हणून दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. तुमच्या मावसभावांना राग येईल पण मिनरल फुकट पडलं हे काही खरं नाही.

आमच्या सासरी सराफ्यात दुकान आहे. घरात पडलेलं सोनं वापरून बांगडी केली म्हणून ती बांगडी नुसत्या घडणावळीत पडली असं कोणी सोनार म्हणणार नाही, ते सोनं आजच्या भावाने विकता आलं असतं, तो भाव धरूनच हिशोब होतो. इथे पण तसंच. समजा मिनरलची आजची किंमत दहा लाख आणि त्यातून बनलेलं जहाज बाजारात नऊ लाखाला विकलं जातंय, तर तुम्ही नऊ लाख कमावले नाहीत, एक लाख घालवले, वर बनवायला वेळ लागला आणि फॅक्टरीची फी गेली ती वेगळीच. आणि असे जहाज फुकटात बनवलं समजून स्वस्तात विकणारे इतके लोक आहेत की छोट्या फ्रिगेट्समधे सुटतच नाही काही. अशांकडून मी विकत घेते आणि जास्तीने विकते, त्यांचे मनापासून आभार :)

आता रिप्रोसेसिंग. एनपीसीच्या (म्हणजे खेळाडूंच्या नव्हे, गेमच्याच) स्टेशनात स्किल नसताना बेस यील्ड, म्हणजे हाती येणारं मिनरल, ५० टक्के. वेल्डस्पारच्या १०० युनिटमधून पूर्ण यील्डला ४०० ट्रिटॅनियम निघायला हवं, तुम्हाला मिळणार २००, बाकी अर्धं गेलं. तुमचं ५००० घनमीटर म्हणजे पन्नास हजार युनिट, म्हणजे दोन लाख ट्रिटॅनियमच्या जागी एक लाख. इतकी घट सोसून कोणी धंदा करतं का? ज्यांचे स्किल पक्के आहेत आणि प्लेअरच्या स्ट्रक्चरमधे (खेळाडूंनी बांधलेल्या स्टेशनात) यील्ड वाढवणारी रिग लावलेली रिफायनरी आहे ते बरंच जास्त काढतात, म्हणूनच ते तुमच्याकडून ओअर तुमच्यापेक्षा जास्त किमतीला घेऊ शकतात. तुम्ही ओअर जसं आहे तसं विका. जमलं तर कॉम्प्रेस करून, त्याने माल शंभरपट कमी जागेत बसतो आणि लांबच्या बाजारात न्यायला परवडतो, त्यामुळे कॉम्प्रेस्डला बऱ्याचदा भावही बरा मिळतो. त्यासाठी मात्र ती सोय असलेलं स्ट्रक्चर नाहीतर कोणाचं तरी ऑर्का किंवा पॉरपॉइज जहाज लागेल.

ग्वाल्हेरचा_मावसभाऊ

आलो आलो. मला माहितीच होतं हा इथे येऊन माझं नाव काढणार.

ताई तुमचा हिशोब बरोबर आहे, शंभर टक्के मान्य. पण मी त्याला आयएसके कमवायला सांगितलंच नव्हतं. आपण खणलेल्या दगडातून आपलं जहाज बनतं, त्यात बसून आपण उडतो आणि मग ते कोणीतरी फोडतं, यातली जी गंमत आहे ती जिटाला जाऊन तेच जहाज विकत घेण्यात नाही ना. मी माझं पहिलं डिस्ट्रॉयर असंच बनवलं, बाजारात ते स्वस्तात मिळत होतं हे मला तेव्हाही दिसत होतं. एक्सेल उघडून कोणता दगड फोडायचा ते ठरवायचं असेल तर मग ऑफिसात आणि घरी फरक काय राहिला? लोक या गेमला अंतराळातलं स्प्रेडशीट म्हणतात ते उगाच नाही.

आणि रिप्रोसेसिंगचे स्किल घेतले तर आकडा ५० वर थोडाच राहतो, वाढतो.

सराफा_गल्ली

मौजेसाठी असेल तर काहीच म्हणणं नाही दादा, जरूर बनवा. फक्त 'फुकट' म्हणू नका, मौजेची किंमत म्हणा. पोरगा नवीन आहे, त्याला वाटेल यात फायदा आहे.

उलटा_धूमकेतू

परमिटबद्दल. गेममधे असं कोणतंही परमिट नाही, हे खेळाडूंनीच काढलेलं आहे. एक गट होता, माइनर लोकांकडून एक कोटी आयएसके घ्यायचा आणि न देणाऱ्यांची जहाजं हायसेकमधेच उडवायचा, त्यांचं बघून बाकीच्यांनी पण तोच उद्योग सुरू केला. पैसे देऊ नको, दिले तरी पुढचा सोडेल याची काहीच गॅरंटी नाही.

पण उडवतात हे खरं आहे. कॉनकॉर्ड, म्हणजे गेममधले पोलीस, तुला वाचवायला येत नाहीत हे डोक्यात पक्कं बसव. ते येतात हल्लेखोराला मारायला, आणि सुरक्षेचा आकडा १.० असलेल्या सिस्टीममधे लवकर येतात, ०.५ ला बराच उशीर लागतो. तेवढ्या सेकंदांत दोनचार कॅटॅलिस्ट (स्वस्त लढाऊ जहाजं) मिळून एखादं बार्ज (व्हेंचरपेक्षा मोठं माइनिंग जहाज) आरामात फोडतात, आपली जहाजं जाणार हे त्यांनी धरलेलंच असतं, कॅटॅलिस्ट स्वस्त आणि तुझं बार्ज महाग, गणित त्यांच्या बाजूचं. तुझं व्हेंचर इतकं स्वस्त आहे की त्याच्यासाठी कोणी मुद्दाम येणार नाही, वर त्याला पळून जायला मदत करणारा वार्प कोअरचा +२ बोनस असल्याने एकट्यादुकट्याने पकडून ठेवणं पण अवघड. पण उद्या बार्ज घेशील तेव्हा ताट घेऊन जेवायला बसलास तर बातमी किलबोर्डवर (फुटलेल्या जहाजांच्या यादीत) येईल.

म्हणून सांगतो, मोठ्या व्यापारी रस्त्यावरच्या सिस्टीम सोडून दे, आत कोपऱ्यात जा जिथे लोकलमधे पाचसात नावं दिसतात. दोन दिवसांत कोण रोजचं आणि कोण पाहुणा ते कळायला लागतं. आसपासची जहाजं दाखवणारा डी-स्कॅन दाबत रहा, तीनचार कॅटॅलिस्ट एकदम दिसले की विचार करायचा नाही, स्टेशनात जाऊन चहा घ्यायचा.

आता वेळ, याचा आपल्याकडच्या लोकांना खरा फायदा आहे आणि कोणी बोलत नाही. सर्व्हरचा रोजचा डाउनटाइम ११ वाजता असतो पण तो यूटीसी, म्हणजे आपले दुपारचे साडेचार. त्यानंतर बेल्ट परत भरलेले असतात. युरोपातली गर्दी जमते ती तिथल्या संध्याकाळी, तेव्हा आपल्याकडे रात्रीचे अकरा साडेअकरा वाजून गेलेले असतात. म्हणजे तू सहाला घरी आलास की दहापर्यंत ताजे बेल्ट आणि रिकामी सिस्टीम, दोन्ही. निशाचर नाव ठेवलंस पण माइनिंगला निशाचर होऊ नकोस, रात्री उशिरा दगड पण चाटूनपुसून साफ झालेले असतात आणि मारणारे पण जागे असतात.

दुर्बीणवाला

थोडं विषयांतर. हे सगळं वाचून खरे ॲस्टेरॉइड आठवले. गेममधे बेल्ट म्हणजे दगडांची कमान, एकाला एक चिकटून, खऱ्या पट्ट्यात एवढी जागा मोकळी असते की आपली यानं आरामात आरपार निघून गेलीत. आणि माल किती आणला माणसाने? जपानच्या हायाबुसा २ ने र्‍यूगूवरून साधारण ५.४ ग्रॅम आणलं २०२० मधे, नासाच्या ओसायरिस-रेक्सने बेन्नूवरून १२१.६ ग्रॅम, २०२३ मधे. तुमच्या व्हेंचरच्या एका सायकलचं नखभर पण नाही.

सायकी नावाच्या ॲस्टेरॉइडकडे नासाचं यान ऑक्टोबर २०२३ मधे निघालंय, त्याच्यावर धातू खूप असावा असा अंदाज आहे म्हणून पेपरात लगेच त्याची अवाच्या सव्वा डॉलर किंमत छापून येते. सराफा_गल्ली ताईंना विचारा, एवढा माल एकदम बाजारात उतरला तर तो भाव राहील का. वर काकांनी रॉरक्वलचं सांगितलंच आहे. असो, यान तिथे अभ्यासाला चाललंय, खणायला नाही.

रामबागचा_निशाचर

सगळ्यांचे आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. घनमीटरने भागून पाहिलं, माझ्या जवळच्या बाजारात आज स्कोर्डाइट सगळ्यात वर निघतंय, प्लेजिओक्लेस तर तिसऱ्या नंबरवर गेलं. ओअर तसंच विकतो. मावसभावाला एक जहाज बनवून देईन त्याच्या समाधानासाठी, त्याला घडणावळ लावीन.

आता पुढचं बार्ज कोणतं घ्यायचं मग? ओमेगा (पैसे भरायचं अकाउंट) एक महिना करून बघावं म्हणतोय. रिट्रीव्हर छान दिसतंय, होल्ड मोठा, सारखं स्टेशनात जायला नको.

वेल्डस्पार_काका

घाई करू नकोस, आधी माइनिंग आणि ॲस्ट्रोजिऑलॉजी वाढव, दोन्हींची प्रत्येक लेव्हल ५ टक्के देते आणि ते बार्जला पण लागू होतं, म्हणजे वाया काही जात नाही. आणि दोन्ही लेझर एकाच छोट्या दगडावर लावतोस का? दगड अर्ध्या सायकलमधे संपला की उरलेला वेळ फुकट गेला, आणि हे फुकट खरंच फुकट जातं. मोठे दगड धर.

बार्जमधे तीन आहेत, कोव्हेटर सगळ्यात जास्त ओढतं पण फुंकर मारली तरी फुटतं, ते मोठ्या ग्रुपमधे ऑर्काच्या पंखाखाली वापरायचं. रिट्रीव्हरचा होल्ड मोठा म्हणून आळशी लोक घेतात आणि आळशी लोक घेतात म्हणून मारणारे तेच शोधतात. प्रोक्युरर घे. थोडं कमी ओढेल पण कवच जाड आहे, शील्डचे मॉड्यूल नीट लाव, लोकं होल्ड आणि यील्डच्या मागे लागून टँक (मार सोसायची ताकद) रिकामा ठेवतात मग रडतात.

उलटा_धूमकेतू

प्रोक्युररला माझं पण मत. आणि माल नेताना ऑटोपायलट लावून झोपू नकोस, तो पुढच्या सिस्टीमच्या गेटवर नेऊन नाही सोडत, आधीच लांब उतरवतो आणि मग रांगत नेतो.

रामबागचा_निशाचर

ठीक, प्रोक्युरर. शेवटचं एक, ओअर विकताना समोर जी बाय ऑर्डर दिसते तिला टाकून मोकळं व्हायचं की आपली सेल ऑर्डर लावायची?

सराफा_गल्ली

पैसे लगेच हवे असतील तर बाय ऑर्डर. नाहीतर सेल ऑर्डर लावा, ९० दिवसांपर्यंत ठेवता येते, ब्रोकर फी जाते पण बहुतेकदा तरी जास्तच हातात येतं. दर तासाला जाऊन एक पैशाने भाव कमी करत बसू नका, प्रत्येक बदलाला फी लागते. आणि लावण्याआधी कोणत्या स्टेशनात लावताय ते नीट बघा, मला दोन जंप (सिस्टीम) आड पडलेला माल स्वस्तात लावलेला रोज सापडतो.